वाढीव खुर्च्या

तमाम जनतेला, म्हणजे वडीलधाऱ्यांना, माताभगिनींना आणि पानठेल्यापाशी उभं राहून फुकट ऐकणाऱ्यांना अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते की, वर्धा जिल्ह्यात एका प्लास्टिकच्या खुर्चीने एका जाणत्या माणसाची फसवणूक केलेली आहे. खुर्ची मरून रंगाची असून तिचा मागचा डावा पाय तांब्याच्या तारेने शिवलेला आहे. फसलेला माणूस पन्नाशीचा आहे, त्याचा मणका सरकलेला आहे, आणि तो मीच आहे. कृपया शांतता राखावी.

असं माईकवर बोलायची माझी फार हौस, पण बावीस वर्षांत मला कधी माईक मिळाला नाही. आमच्या बिछायत केंद्रात माईक माझ्या भागीदाराकडे होता आणि खुर्च्या माझ्याकडे. लग्न, तेरवी, कथा, सभा, म्हणजे चार माणसं जमवून जे काही करायचं त्याला लागणारं सगळं भाड्यानं देणारं आमचं दुकान. मंडप, सतरंज्या, गाद्या, स्वयंपाकाचे गंज, पंखे, भोंगे. सेलू तालुक्यातल्या आमच्या गावात मी आणि माझ्या शाळेतल्या दोस्तानं ते मिळून काढलं. त्याला बोलता येत होतं आणि मला उचलता येत होतं. याहून चांगली भागीदारी देवानं केळझरच्या टेकडीवर बसूनसुद्धा जमवली नसती.

आज दुकान आहे, दोस्त नाही. म्हणजे आहे, नागपूरला आहे, धडधाकट आहे. पण आमचं बोलणं बंद आहे. तो मला शेवटचं जे वाक्य बोलला ते असं: "गर्दी पाह्यल्याबिगर तू चाबी देलीच नसती." हे वाक्य जरा बाजूला सांभाळून ठेवा. पुढं लागेल.

आधी दोन गोष्टी धंद्याच्या सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे निशाणी. प्रत्येक बिछायतवाला आपल्या सामानावर ऑइलपेंटनं खूण करतो. नाहीतर लग्नात तीन दुकानांच्या खुर्च्या एकत्र होतात आणि पुढची सहा महिने भांडणं. कुणी अक्षर काढतो, कुणी फुली. आमच्या खुर्चीच्या पाठीमागे खाली दोन ठिपके असायचे, एक लाल, एक हिरवा. लाल मी, हिरवा तो. पहिल्या पंचवीस खुर्च्या आल्या तेव्हा आम्ही अंगणात बसून बोटांनीच ठिपके दिले होते. माझी बायको बाजूला उभी राहून म्हणाली होती, "तुमी दोघंच नवरा-बायको हा बापा, मी त या घरात पावनी." तेव्हा ती नवी नवरी होती. नंतर गाद्यांच्या खोळी धुऊन धुऊन तिचे हात फुटले, आणि तरी ती स्वतःला पावनीच म्हणायची.

दुसरी गोष्ट, दुःखाच्या कामाला भाडं नाही. मयत, तेरवी, काही असो, सामान न्या, धुऊन आणून द्या. हा नियम त्याचा. आमच्या पहिल्याच वर्षी गावात एक कोवळं पोर गेलं, आणि सतरंजीचं भाडं मागायला म्हणून मी निघालो, तर यानं मला दारात अडवलं. म्हणाला, "अबे, रडणाऱ्याच्या बुडाखालचं भाडं खाशीन?" मी परत फिरलो. त्या दिवशी मला वाटलं होतं की हा माणूस माझ्याहून मोठा आहे. पुढची कितीतरी वर्षं तसंच वाटत राहिलं.

आता माझी करामत. नियम त्याचा असेल, पण 'वाढीव' माझी आहे. एका निवडणुकीत एका उमेदवाराची सभा होती, दिवस बाजाराचा. माणसं येतात की नाही याची त्याला धास्ती. मी म्हटलं, साहेब, खुर्च्या कमी मांडा. दीडशेची सभा असेल तर नव्वदच मांडा, साठ टेम्पोमागे लपवा. मंडप भरला की आमची माणसं डोक्यावर खुर्च्या घेऊन पळत पळत येतील, "सरका, सरका, जागा द्या, माणसं उभी हायेत!" माणूस रिकाम्या मंडपाकडे पाहून रस्ता बदलतो, पण जिथं जागा नाही तिथं मुद्दाम घुसतो. झालंही तसंच. बाजारातली माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन मंडपात शिरली. उमेदवाराच्या डोळ्यांत पाणी आलं. तो पडला, ते वेगळं. पण आम्ही दोघं टेम्पोमागे बसून इतके हसलो की माझी उचकी थांबेना. तेव्हापासून आमच्या भाषेत त्या लपवलेल्या खुर्च्या म्हणजे 'वाढीव'. कुठल्याही सभेत डोक्यावरून खुर्च्या येताना दिसल्या की आम्ही एकमेकांकडे पाहून डोळा मारायचो.

तर हा माझा दोस्त एकदा नागपूरला गेला आणि तीन दिवसांच्या शिबिरात जाऊन बसला. भोंगे विकत घ्यायला म्हणून गेलता, आणि आला तो कोट घालून. मे महिन्यात. वर्ध्याच्या मे महिन्यात कोट घालणाऱ्या माणसाकडे एकतर तापाची गोळी द्यावी किंवा आदरानं पाहावं. मी आदरानं पाहिलं. त्याला आता 'यशाचा मार्ग' सापडला होता. वर्षभरात तो स्वतःच शिबिरं घ्यायला लागला. श्रीमंतीचं रहस्य, नव्वद दिवसांत नवं आयुष्य, असली. माईक तर त्याला जन्मापासूनच वश होता.

"कष्टानं काय होते?" तो मला दुकानात बसून विचारायचा. "बैल कष्ट करत नाई का? बैलाची माडी पाह्यली कधी?"

मी प्रामाणिकपणे आठवून पाहायचो. बैलाची माडी मीही पाहिली नव्हती.

"या जगात दोनच माणसं हायेत. खुर्ची उचलणारा आन् खुर्चीवर बसणारा. तू कोन होय?"

"मी उचलणारा."

"मंग बसनारा कवा होशीन?"

आता खरं सांगतो, माझा मणका सरकला नसता तर मी त्याला म्हटलं असतं, बाबा रे, उचलणारा नसला तर बसणारा जमिनीवर. पण तेव्हा नुकताच सेवाग्रामच्या दवाखान्यातून पट्टा बांधून आलो होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वजन उचलायचं नाही. मी विचारलं, किती वजन? ते म्हणाले, पाण्याची बादलीसुद्धा नाही. आणि माझा धंदाच वजनाचा. दुपारी गादीवर पालथा पडून मी दुकानातल्या खुर्च्यांची थप्पी पाहायचो आणि ती मला डोंगरासारखी दिसायची. अशा वेळी कुणी कानात म्हणत असेल की कष्ट ही गरिबांची सवय आहे, सवय सोड, तर ते औषधासारखं लागतं. कष्टानं मला श्रीमंत केलं नव्हतं, हेही खोटं नव्हतं. कष्टानं मला पट्टा दिला होता.

त्याचा बेत ठरलेला होता. दुकान विकायचं. हिंगणघाटचं एक गिऱ्हाईक तयार होतं, टेम्पोसकट सगळं घ्यायला. माझा वाटा त्याच्या शिबिरांच्या कामात घालायचा आणि मी व्हायचं 'सहयात्री'. काम काय, तर पहिल्या रांगेत कोट घालून बसायचं. नुसतं बसायचं! त्याच्या सभांमध्ये शेवटी एक सोहळा असायचा, 'जुन्याचा निरोप'. मंचावर पितळेचं मोठं ताट. ज्याला नवं आयुष्य सुरू करायचं त्यानं जुन्या आयुष्याची एक वस्तू त्या ताटात टाकायची आणि मागं वळून पाहायचं नाही. कुण्या गवंड्यानं थापी टाकली होती, कुण्या लेडीज टेलरनं कात्री. मी दुकानाची चाबी टाकायची होती.

बायकोनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी धुतलेल्या खोळीबी त्याले देजा."

"तू रागावू नको."

"राग कायचा? फक्त चाबी टाकताना माह्याकडं पाहू नका. मी येनारबी नाई म्हना तिथं."

मी टाळत राहिलो. वर्ध्यातली त्याची मोठी सभा जवळ आली, तरी मी हो म्हणालो नाही. मी त्याला इतकंच म्हणायचो, "लोक येतात का पाहू दे. खरंच येत असतील त चाबी देतो." याचं कारण धंदेवाईक होतं. माझा देवावर विश्वास आहे, पण त्याहून जास्त गर्दीवर आहे. आयुष्यभर मी माणसं मोजूनच कार्यक्रमाचं खरंखोटं ठरवत आलो. पंगतीत माणूस दुसऱ्यांदा बसला तर भाजी चांगली. कथेत बाया थांबल्या तर महाराज चांगला.

सभेच्या तीन दिवस आधी तो दुकानात आला. चेहरा पडलेला. आष्टीला त्याची मावशी राहते, तिचा दीर गेला म्हणाला. रविवारी तेरवी.

"रविवारी? रविवारी त तुही सभा हाय."

"हो ना. म्हनून त. मले जाता येत नाई. म्हटलं सामान तरी पाठवू. तेवढंच पुण्य."

मला गहिवरून आलं. त्या मावशीकडे लहानपणी आम्ही दोघं आष्टीचा आठवडी बाजार पाहायला जायचो. ती एका कानानं बहिरी. त्यामुळं समोर बसलेल्या माणसाशीही वावराच्या दुसऱ्या टोकाला उभी असल्यासारखी बोलायची. तिच्या दिराला मी एकदाच पाहिलं होतं, पण तेवढ्यावरून मी डोळे पुसले. साठ खुर्च्या मागितल्या, मी ऐंशी दिल्या. दोन मोठे गंज वरून दिले. पाण्याचे ड्रम दिले. पट्टा बांधून टेम्पोत सामान चढताना उभा राहिलो आणि ड्रायव्हरला सांगितलं, हळू ने, दुःखाचं काम आहे. घरी बायकोला सांगितलं तर तिनं दोन दिवस कढई चढवली नाही. सणाचे वडे करायचे होते, ते राहिले. आमच्याकडे एवढं पाळतात.

रविवारी सकाळी मी वर्ध्याच्या त्या मंगल कार्यालयात गेलो. खिशात चाबी. पहिल्या रांगेत बसवलं मला. भाड्याचा कोट होता. हे मी जरा अभिमानानं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याकडून काही भाड्यानं घेतलं होतं. कार्यालयाच्या स्वतःच्या खुर्च्या भरल्या. तो मंचावर आला, कोटाची बटणं लावत, आणि अर्धं भाषण झालं तेव्हा बाजूचं दार धाडकन उघडलं. पिवळ्या टीशर्टातली माणसं डोक्यावर खुर्च्या घेऊन पळत आत. "सरका, सरका! जागा द्या! बाहेर माणसं उभी हायेत!"

वाचणाऱ्यांनो, मला हसा. मी तिथं रडलो.

ज्यानं हा खेळ शोधून काढला, ज्यानं तो उमेदवारांसाठी केला, महाराजांसाठी केला, तोच मी पहिल्या रांगेत बसून कोटाच्या बाहीनं डोळे पुसत मनाशी म्हणत होतो, बाप रे, काय गर्दी! एवढे लोक खोटे कसे असतील? चाबी मुठीत घट्ट धरली. हलवायानं लग्नात जाऊन आपल्याच हातची जिलेबी खाऊन विचारावं, वा, कोणी केली, असला प्रकार. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात 'वाढीव' हा शब्दसुद्धा आला नाही. दुसऱ्यांसाठी मांडलेला खेळ कधी आपल्यासाठीही मांडला जाईल, ही शंका यायला आधी दोस्तावर शंका यावी लागते. ती सोय माझ्याकडे नव्हती.

वर तो बोलत होता. "माझा एक मित्र आहे. बावीस वर्षांपासून खुर्च्या उचलतो. पाठ मोडली, पण खुर्ची सुटली नाही. आता तुम्हीच सांगा, यशानं त्याला कुठं शोधायचं? खुर्चीखाली?" सगळं सभागृह हसलं. मीही हसलो. जरा जास्तच मोठ्यानं हसलो, म्हणजे कुणाला कळू नये.

तेवढ्यात एका पिवळ्या टीशर्टवाल्यानं माझ्या शेजारी एक खुर्ची टेकवली, एका जाडजूड गृहस्थासाठी. आता आमच्या धंद्यात सवय असते की जड माणूस बसण्याआधी खुर्ची दाबून पाहायची. मी हात पुढं करून मागचा डावा पाय दाबला. बोटांना तार लागली.

जळालेल्या पंख्यातली तांब्याची तार. तापवलेल्या सुईनं पाडलेली सात भोकं. आपण घातलेला टाका माणूस अंधारातही ओळखतो. मी खुर्ची वळवली. पाठीमागे खाली, लाल ठिपका, हिरवा ठिपका.

आता इथं हुशार माणसाला सगळं समजलं असतं. मला काय समजलं सांगू? मला वाटलं, ड्रायव्हरनं घोटाळा केला! तेरवीचं सामान आष्टीला न्यायच्या ऐवजी मेला वर्ध्यात उतरवून गेला! मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजत होते. म्हणजे तिकडं पहिली पंगत बसायची वेळ. म्हाताऱ्या माणसांना टेकायला खुर्ची नाही, भात शिजवायला गंज नाही, आणि नाव कुणाचं जाणार? लाल-हिरव्या ठिपक्याचं. बावीस वर्षांत एकाही दुःखाच्या कामात आमचं सामान चुकलं नव्हतं. मला घाम फुटला. मंचावर श्रीमंतीचं रहस्य उलगडत होतं आणि मी आष्टीच्या अंगणात उभ्या असलेल्या पाहुण्यांची माफी मागत होतो.

फोन लावायला म्हणून बाहेर निघणार, तर दोन रांगा मागं मावशी दिसली. तीच, आष्टीची. नवं कोरं लुगडं, अंबाड्यात गजरा. मला भरून आलं. दिराची तेरवी सोडून ही बाई भाच्याच्या सभेला आली! केवढा जीव! आणि आता ही घरी गेल्यावर हिला कळणार की खुर्च्याच पोचल्या नाहीत.

तेवढ्यात मंचावरून हुकूम झाला. "आता डोळे मिटा. पाच वर्षांनंतरचे तुम्ही पाहा. श्रीमंत. निरोगी. कष्टमुक्त. कुणीही बोलायचं नाही. या शांततेतच तुमचं नशीब बदलणार आहे. यानंतर माझा एक खास मित्र ताटात त्याचं जुनं आयुष्य टाकेल."

दिवे मंद झाले. कुठंतरी बासरी वाजायला लागली. सगळ्यांनी डोळे मिटले. माझं नशीब बदलायला अजून दोनेक मिनिटं होती, तेवढ्यात मावशीला सांगून टाकावं म्हणून मी पट्टा सावरत, वाकत, कोटासकट रांगांमधून रांगत तिच्यापाशी पोचलो आणि तिच्या कानाशी लागलो. घाईत नेमका बहिरा कान निवडला.

"मावशी, वाईट झालं. पन तुमी काळजी करू नका. तेरवीच्या खुर्च्या चुकून इकडं आल्या. मी आत्ताच फोन करतो."

"काय म्हनतं रे?"

"हळू बोला, मावशी. तेरवीच्या खुर्च्या."

"कोनाची तेरवी?"

"तुमच्या दिराची."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मग शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथं धोतर-टोपीतला एक म्हातारा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, डोळे गच्च मिटून, पाच वर्षांनंतरचा स्वतःला पाहत बसला होता. तिनं त्याला कोपरानं ढोसलं. त्यानं डोळे उघडले. मीही त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खुर्चीच्या पाठीमागच्या लाल-हिरव्या ठिपक्यांकडे पाहिलं, मग मंचाकडे. मंचावर एकच माणूस डोळे उघडे ठेवून उभा होता, आणि तो थेट माझ्याकडेच पाहत होता. चाबी मी मुठीतून काढून पुन्हा खिशात टाकली, आतल्या खिशात. आणि त्या बासरीच्या, मिटलेल्या डोळ्यांच्या, शंभर नशिबं बदलणाऱ्या शांततेत मावशी वावराच्या दुसऱ्या टोकाला हाक मारावी तशी ओरडली,

"अरे बापा, हे काय भाऊजी, जित्ते बसून हायेत! मंग मेलं कोन?"